तपासणीविना आत आलेला माल

माझा पहिला संशय घरातल्या वजनकाट्यावर होता. म्हणून तो पिशवीत घालून मी सरळ कंपनीत घेऊन गेलो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, लोक कंपनीतलं सामान घरी नेतात. तुम्ही घरचं कंपनीत आणताय?" मी म्हटलं, तपासायचंय. आमच्याकडे प्रमाणित वजनं असतात, वर्षातून एकदा बाहेरून तपासून आलेली. त्यातलं वीस किलोचं काट्यावर ठेवलं, काटा म्हणाला वीस. दुसरं ठेवलं, चाळीस. मग मी चढलो. उतरलो, पुन्हा चढलो. काट्याची काही चूक नव्हती.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्टर आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे भाग आम्ही बनवतो. आत येणारा पत्रा तपासायचा, बाहेर जाणारा भाग तपासायचा, चांगल्यावर आपला शिक्का मारायचा आणि वाईट बाजूला काढायचा, हे माझं काम. थोडक्यात काय, दिवसभर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. आणि खरं सांगू का, ही सवय गेटवर पंच करून सुटत नाही. भाजीवालीचा तराजू, डेअरीचं दूध, सोसायटीच्या टाकीतलं पाणी, मला सगळ्यात खोट दिसते. माझी बायको सुनंदा म्हणते, "ह्यांनी लग्नात सप्तपदीची पावलंसुद्धा मोजली असतील." मोजली होती.

आजारातून उठल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लिहून काढा, तुमच्यासारखे या पट्ट्यात फार आहेत. उभं राहून शिफ्ट करणारे, कंबर धरून घरी जाणारे. म्हणून लिहितोय. मला लिहिता येत नाही, पण दोष कुठे होता ते शोधता येतं.

सुधारलेली तब्येत

आधी माझी कंबर गेली. दिवसभर टेबलापाशी उभं राहायचं, खाली क्रेटमध्ये वाकायचं, उचलायचं, पुन्हा वाकायचं. मोशीत घरी पोहोचेपर्यंत स्कूटरवरून उतरवत नसे. गोळ्या खाल्ल्या, पट्टा लावला, शेक घेतला. शेवटी दिवाळीला उदगीरकडच्या आमच्या गावी गेलो, तर अक्का म्हणाली, "असा काय बसायलास म्हाताऱ्यावानी?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की आईचा चेहरा मला अक्काचाच आठवतो. तिनंच मला वाढवलं. मी तापलो की कडू गोळी माझ्या तोंडात घालायची आणि मग म्हणायची, "आ कर." मी आ केला की, "जीभ वर कर." कारण मी गोळी जिभेखाली दडवून ठेवायचो आणि नंतर गोठ्यात थुंकायचो. एकदा पकडलं होतं तिनं, तेव्हापासून जीभ वर केल्याशिवाय सुटका नाही.

तर अक्कानं त्या दिवाळीला मला कागदाच्या पुड्या दिल्या. कोणीतरी वैद्य आहे तिकडं, त्याच्याकडच्या. "माझे गुडघे बग की. चढ चढून रानात जायले आता. रोज सकाळी एक पुडी दुधातनं घे. पाला-मुळीचं हाय, काय होत न्हाई त्यानं."

आठवडाभरात कंबर सुतासारखी सरळ. मी सुनंदाला वाकून दाखवलं, उठून दाखवलं. पुड्या संपत आल्या की अक्का गावाकडून येणाऱ्या कोणाहातीही पाठवायची.

मग भूक लागायला लागली. भूक म्हणजे अशी की कॅन्टीनमध्ये जेवून हात धुतानाच मला संध्याकाळच्या वडापावची आठवण यायची. वाढणारा म्हणायचा, "दत्ताभाऊ, परत भात?" लोक म्हणायचे तब्येत सुधारली. सुधारली म्हणता म्हणता गाल वर आले, डोळे बारीक झाले, मानेमागे उशीसारखी गादी तयार झाली. पँटचं बटण लागेना. आणि गंमत म्हणजे हातपाय मात्र काटक्या. शर्टाच्या बाह्या ढगळ आणि पोटावरची बटणं तुटायला आलेली.

मी कॅन्टीनच्या तेलावर संशय घेतला. सुनंदा तूप जास्त घालतेय असा संशय घेतला. शिंप्यानं माप चुकवलं म्हणून त्याच्याशी भांडून आलो. काट्याचं तर सांगितलंच.

फुंका

माझा चेहरा लाल झाला होता. नुसता लाल नाही, सुजलेला, तेलकट लाल. झोप येत नव्हती म्हणून डोळेही तसेच. त्यात मांड्यांत जोर राहिला नाही, त्यामुळे कंपनीची पायरी चढताना मी झोकांडी खायचो. आता असा माणूस सकाळी सकाळी गेटवर दिसला तर कोणीही काय म्हणेल?

मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. माळकऱ्यांच्या घरातला आहे. पण कोणीतरी वर कळवलं. एका सकाळी सुपरवायझरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि हातात ते तोंडात धरायचं यंत्र दिलं.

"फुंका."

मी फुंकलं. शून्य आलं. आणि सवयीप्रमाणे माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

साहेब भडकले. "अहो, तुमच्याच बाजूनं आलंय ना? मग?"

टूलरूममधला सलीम माझा जुना मित्र, तो बाहेर उभा होता. तो पोट धरून हसत होता. मला मात्र हसू आलं नाही, कारण साहेबांनी तेवढ्यावर सोडलं नव्हतं. तब्येत नीट होईपर्यंत माझा शिक्का त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. आमच्यात इन्स्पेक्टरचा शिक्का म्हणजे त्याचा शब्द. तो काढून घेतला म्हणजे माझं 'ठीक आहे' हे आता कोणी ठीक मानणार नव्हतं. मला पॅकिंगला बसवलं. खोके चिकटवताना इतकी लाज वाटायची की काय सांगू.

घरीही तेच. सुनंदा माझे शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरते हे मी पाहिलं. स्कूटरची डिकी कोणीतरी उघडून परत लावलेली असायची. ती तोंडानं काही बोलत नव्हती. नुसती बघायची. आणि तिचं ते बघणं बघून मीही तिच्याकडे बघायला लागलो. चहाची चव बदलली होती. थोडी तुरट, मागाहून कडू. मी विचारलं तर म्हणाली, "पावडर बदललीय." कुठली पावडर ते मी विचारलं नाही. डोक्यात नोंद केली.

खाली बसलो तो बसलोच

मोशीतल्या आमच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती वाढलेली. ब्लडप्रेशर वाढलेलं. म्हणाले, भात बंद, चाला. मी इंद्रायणीच्या कडेनं चालायला लागलो. जितका चालायचो तितके पाय बारीक आणि पोट पुढं. डॉक्टरांनाही वाटलं असणार, हा गुपचूप हाणतोय.

एक दिवस पॅकिंगला खालच्या क्रेटमधलं काही बघायला मी उकिडवा बसलो. बसलो तो बसलोच. उठताच येईना. मांड्यांना म्हणतोय उठा, त्या माझं ऐकतच नाहीत. सलीमनं काखेत हात घालून उभं केलं. त्याचा चेहरा उतरला होता. "भावा, हे दारूचं नाय. चल तू." स्कूटरवर मागे बसवून त्यानं मला चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथं हार्मोनच्या डॉक्टर बसतात हे त्याला त्याच्या बहिणीच्या थायरॉईडमुळे माहीत होतं. सलीमसारखा माणूस सोबत असणं ही त्या दिवसांतली माझी चैन होती.

मॅडमनी जास्त काही विचारलं नाही, आधी बघितलं. शर्ट वर करायला लावला. पोटावर जांभळे पट्टे उमटले होते, कातडी आतून फाटावी तसे. मी ते सुनंदालाही दाखवले नव्हते. मग खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. जमलं नाही.

"काही औषध चालू आहे? दम्याचं, सांध्याचं, एखादं मलम?"

"नाही," मी म्हणालो. अगदी छातीठोक. मला ते खरंच वाटत होतं.

तपासण्यांसाठी त्यांनी भरती करून घेतलं. वॉर्डात सकाळी अंधार असतानाच रक्त घ्यायला यायचे. प्रत्येक नळीवर माझं नाव नीट लिहिलंय का ते मी वाचून घ्यायचो, आणि नळी ट्रेमध्ये जाईपर्यंत तिच्यावरून नजर काढायचो नाही. सिस्टर शेवटी वैतागली. "काका, तुम्ही काय इन्स्पेक्टर आहात का?"

"हो."

त्यानंतर ती बिचारी स्वतःच नळी माझ्यापुढे धरायची, "बघा हो, बरोबर आहे ना?" मग मला शांतपणे श्वास घेता यायचा. शेजारच्या खाटेवरचे काका मात्र सुनंदाला बाजूला घेऊन म्हणाले, ह्यांना डोक्याच्या डॉक्टरलाही दाखवा.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. एका डॉक्टरच्या तोंडून 'गाठ' हा शब्द मी ऐकला होता. मेंदूत किंवा किडनीच्या वर. सुनंदा डबा घेऊन यायची, स्टुलावर बसायची. तिचे हात माझ्या पायांवरून फिरायचे, आणि मी मनात म्हणायचो, हिच्या मनात काय चाललंय?

निरोप

रिपोर्ट आले तेव्हा मॅडम चक्क गोंधळलेल्या दिसल्या. मला समोर बसवून त्यांनी समजावलं, ते मला कळलं तसं सांगतो.

"चरबी स्वतः काही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "कधी साठवायचं, कधी काढायचं, कुठं ठेवायचं, ह्याचे तिला निरोप जातात. ते निरोप म्हणजे हार्मोन. पोट भरलं, आता पुरे, असा एक निरोप चरबीकडूनच मेंदूला जातो. साखर आत घ्या, साठवा, असा एक इन्सुलिनचा. आणि संकट आलंय, साठा मोकळा करा, असा एक कॉर्टिसॉलचा. तो किडनीच्या वर बसलेल्या ग्रंथीतून निघतो. संकट टळलं की तो थांबायला हवा. तुमच्या शरीरात तो वाजतच राहिलाय. म्हणून हातापायांचं मांस मोडून त्याची साखर होतेय, भूक पेटतेय, आणि सगळी चरबी पोटावर, गालांवर, मानेमागे जाऊन बसतेय. तुम्ही चाला नाहीतर उपाशी राहा, निरोप बदलल्याशिवाय हे थांबणार नाही."

मला रडू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की हा माणूस चोरून खात नाही.

"पण एक गोष्ट जुळत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तात हे कॉर्टिसॉल जवळपास नाहीच."

"रिपोर्ट चुकलाय."

"मलाही आधी तसंच वाटलं."

दुसऱ्या लॅबमधून पुन्हा तपासून घेतलं. तेच आलं. मग मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तसलंच काहीतरी बाहेरून येतंय. आमच्या तपासणीत न दिसणारं. आयतं मिळतंय म्हटल्यावर तुमच्या ग्रंथीनं काम बंद केलंय. दत्ताजी, तुम्हाला कोण काय देतंय?"

माझ्या तोंडात तो तुरट चहा आला.

तांदळाचा डबा

मला दोन दिवस घरी सोडलं होतं. सुनंदा दळण आणायला खाली गेली आणि मी स्वयंपाकघर उघडलं. मी ते जसं आत येणारा माल तपासतो तसं तपासलं, एकेक डबा, तळापर्यंत हात घालून. तांदळाच्या डब्यात हाताला प्लास्टिक लागलं. पाकिटावर लिहिलं होतं, पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा, चहात किंवा भाजीत मिसळा.

खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. सापडलं! मग मात्र ते कोणी आणलं असणार ते लक्षात आलं. वीस वर्षांच्या संसारातली बायको आणि माझ्या चहात!

ती आली तेव्हा पाकीट ओट्यावर ठेवलं होतं. तिनं दळणाचा डबा खाली ठेवला. नाकारलं नाही.

"घातलं. संक्रांतीनंतर. चहात घालायचे."

"मी पीत नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"सगळ्यांचेच नवरे सांगतात!" ती ओरडली. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "अहो, तुमचं तोंड बघा आरशात. कंपनीवाले म्हणतात, बिल्डिंगवाले म्हणतात. मी काय करायला हवं होतं? तुमच्या मरायची वाट बघत बसू? तुम्ही ह्या घरातल्या मिठावरसुद्धा संशय घेता, मी एकदा तुमच्यावर घेतला तर एवढं लागलं?"

  ती रडत होती आणि मला तिचा रागही येत होता आणि दयाही. आम्ही तसेच स्कूटरवरून हॉस्पिटलात गेलो. एरवी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसते. त्या दिवशी तिनं मागची दांडी धरली होती.

मी पाकीट मॅडमच्या टेबलावर ठेवलं. बाजूला काढलेला दोषी भाग ठेवतात तसं.

मॅडमनी उलटसुलट करून पाहिलं. "हे कधीपासून?"

"संक्रांतीपासून," सुनंदा खाली मान घालून म्हणाली.

"आणि ह्यांचा चेहरा कधी सुजायला लागला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चेहरा त्याच्या आधीच सुजला होता. सुजला होता म्हणून तर तिनं ते आणलं होतं.

"हे बंद कराच, असलं कोणालाही देऊ नये. पण आपण शोधतोय ते हे नाही. दिवाळीच्या आसपास काय सुरू झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"अक्कांची पुडी," सुनंदा म्हणाली.

"ते औषध नाही!" मी जवळजवळ तिच्या अंगावर गेलो. "मॅडम, माझी बहीण पाठवते. पाला-मुळीचं असतं. ती स्वतः घेते."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घेऊन या."

हिरवं स्टिकर

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. काही पुरवठादार इतके जुने, इतके खात्रीचे असतात की त्यांच्या मालाच्या क्रेटला हिरवं स्टिकर लावतात. तो माल तपासायचा नाही. गाडीतून उतरला की सरळ लाइनवर. कोणी इन्स्पेक्टरनं त्या क्रेटला माप घ्यायचा गेज लावला तर बाकीचे हसतात, वेळ वाया घालवतोय म्हणून.

मी काटा तपासला. तेल, तूप, शिंपी, लॅब, सिस्टर आणि लग्नाची बायको तपासली. आणि रोज सकाळी, अगदी वॉर्डातसुद्धा, दुधात जी पुडी सोडून प्यायचो, ती एकदा बोटावर घेऊन नुसती चाटूनही बघितली नाही. अक्काच्या क्रेटला मी हिरवं स्टिकर लावून ठेवलं होतं.

मॅडमनी पुडी तपासायला पाठवली. पाला-मुळीच्या भुकटीत स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली निघाली. म्हणूनच कंबर आठवड्यात सरळ झाली होती.

मला वाटलं, झालं, आता पुडी गटारात. मॅडमनी टेबलावर हात आपटला. "नाही! एकदम बंद करायचं नाही. तुमची ग्रंथी झोपलीय. बाहेरचं अचानक थांबलं आणि आतलं सुरू झालं नाही, तर रक्तदाब कोसळेल, माणूस जाईल. आता माझ्या गोळ्या घ्यायच्या, आणि मी सांगेन तशा हळूहळू कमी करायच्या. महिने लागतील." खिशात ठेवायला त्यांनी एक कार्ड दिलं, रस्त्यात पडलो तर बघणाऱ्याला कळावं म्हणून.

फोन

घरी येऊन मी अक्काला फोन लावला. मला जे बोलायचं होतं ते मी सगळं बोललो. माझा शिक्का गेला, माझी अब्रू गेली, मी बायकोला चोर ठरवलं, सगळं तुझ्या पुडीमुळं.

"काय म्हणायलास रे दत्तू?" तिला कळेचना. "गावातले समदेच घ्यायलेत की. मी बी घ्यायले."

"विष दिलंस मला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

सुनंदा दारात उभी होती. "त्यासुद्धा घेतात ना? त्यांना एकदम बंद करू नका हे सांगितलंत का?"

 मी लगेच उलट फोन लावला. उचलला नाही. दिवसभर लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी, अक्काच्या नवऱ्यानं उचलला. "काल तुझ्याशी बोलली आन् समद्या पुड्या चुलीत घातल्या बग तिनं. कालपासनं ओकायली. पित्त झालंय म्हणती. उठवत न्हाई."

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की भाऊजींना मी म्हणालो, जीप करा, आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्या, आणि डॉक्टरला सांगा की ही वर्षभर स्टिरॉइड घेत होती आणि एकदम थांबवलंय. तो शब्द त्यांच्याकडून मी तीन-चारदा म्हणवून घेतला. ते वाटेत असताना मॅडम स्वतः तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या. पोहोचल्या पोहोचल्या इंजेक्शन दिलं गेलं. मॅडमचे हे उपकार मी विसरणार नाही.

फोन येईपर्यंत मी जिन्यात बसून होतो. जे आयुष्यभर केलं नाही ते केलं, देवाला नवस बोललो. आई एकदा गेली होती. दुसऱ्यांदा गेली असती तर ती माझ्या तोंडच्या एका शब्दानं गेली असती.

दोन डबे

अक्का वाचली. तिला आम्ही मोशीला घेऊन आलो, मॅडमकडेच दाखवायला. घरात गोळ्यांचे दोन डबे, एक तिचा, एक माझा. दोघंही भिंतीला धरून चालायचो. गोळी कमी केली की अंग मोडून यायचं, भूक मरायची, चिडचिड व्हायची. सुनंदानं दोघांचंही केलं. तिच्या चहाबद्दल आता मी काही विचारत नाही, आणि ती माझा शर्ट नाकाशी धरत नाही. एवढ्यावर आमचं मिटलं.

माझ्या चेहऱ्याची सूज हळूहळू उतरली. मॅडमचं पत्र घेऊन कंपनीत गेलो, साहेबांनी ड्रॉवर उघडून शिक्का हातात दिला. सलीम म्हणाला, "राव, आता फुंकून दाखव एकदा, आठवण म्हणून."

पण अक्का बोलेना. माझ्याशी एक अक्षर नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. पाणीसुद्धा सुनंदाकडे मागायची. एकदा सुनंदानं कणीक पुढं केली तर म्हणाली, "नको ग बाई. माझा हात लागला की माणसाचं वाटोळं होतं." ज्या बाईनं मला भरवून मोठं केलं ती माझ्या ताटाकडे बघायला भीत होती. आणि मी? मला तिला 'तुझी चूक नाही' म्हणायचं होतं, पण ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. कुठंतरी आत अजून वाटत होतं की आहे.

मग एका रविवारी सुनंदानं एक बेत केला. सकाळीच डोकं दुखतंय म्हणून ती पांघरूण घेऊन पडली. मला माहीत होतं, तिचं काही दुखत नव्हतं. दुपार व्हायला आली. शेवटी स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज आला आणि घरभर तिळाचा, ओव्याचा, लसणाचा वास भरला. अक्का धपाटे करत होती. आमच्या तिकडचे, ज्वारीच्या पिठाचे. लहानपणी परीक्षेच्या दिवशी ती मला तेच द्यायची.

ताट माझ्यासमोर आलं. दही, ठेचा, गरम धपाटे. माझा हात पुढं गेला आणि ताटापाशी थांबला.

मी थांबवला नाही, शप्पथ. तो आपोआप थांबला. क्षणभरच. पण अक्कानं ते पाहिलं.

ती समोर बसली. माझ्या ताटातला धपाटा उचलून अर्धा मोडला, दह्याला लावला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. मग माझ्याकडे तोंड करून तिनं आ केला. जीभही वर केली.

"बग," ती म्हणाली. "आता जरा दम धर. मला काय होतंय का बग, मंग खा."

मला ते बघवलं नाही. मी तिच्या हातातला उरलेला अर्धा काढून घेतला आणि तसाच कोरडा तोंडात कोंबला. घशात अडकला, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिलो. गिळला, आणि तिच्यापुढं आ केला.

अक्का वाकून नीट बघत होती. पदरानं तिनं आपलं नाक पुसलं.

"जीभ वर कर," ती म्हणाली.

मी केली.